आतड्याची गाठ : जीवकाची शस्त्रक्रिया आणि आजची पोटदुखी

शरीराच्या बत्तीस घटकांचे जे चिंतन ‘द्वत्तिंसाकार’ म्हणून आपल्या परंपरेत सांगितले आहे, त्यात ‘अंत’ आणि ‘अंतगुण’ हे दोन शब्द लागोपाठ येतात. अंत म्हणजे आतडे, हे सर्वांना ठाऊक असते. अंतगुण या शब्दावरून मात्र आपण सहसा न थांबता पुढे जातो. गुण म्हणजे दोरी. आतड्याला जागच्या जागी धरून ठेवणारे बंधन, असा त्याचा अर्थ. पाचव्या शतकात श्रीलंकेत ‘विसुद्धिमग्ग’ लिहिणाऱ्या आचार्य बुद्धघोषांनी पुरुषाचे आतडे ३२ हात लांब व २१ ठिकाणी वळलेले असल्याचे नोंदविले आहे. कोपरापासूनचा हात धरला तर हे माप आजच्या मापाच्या जवळजवळ दुप्पट भरते. परंतु आतडे वेगळे आणि त्याचे बंधन वेगळे, हा भेद ज्यांनी केला त्यांनी बारकाईने पाहिले होते, यात आम्हांला शंका वाटत नाही. पोटाच्या कितीतरी घातक विकारांचे मूळ या बंधनाच्या रचनेतच आहे.

मुखापासून गुदद्वारापर्यंतचा अन्नमार्ग ही एकच अखंड नळी होय. छातीतून उतरणारी अन्ननलिका सुमारे २५ सेंटीमीटर लांब असते. तिच्याखाली जठर, आणि जठरापुढे लहान आतड्याचा पहिला भाग. हा भाग बारा बोटे लांब म्हणून त्याचे लॅटिन नावही ‘बारा’ या संख्येवरूनच पडले. तो बहुतांशी पाठीच्या बाजूस घट्ट चिकटलेला असतो. त्यापुढचे सुमारे सहा मीटर लहान आतडे मात्र पोटात मोकळे हलते, आणि शेवटी दीड मीटर लांबीचे मोठे आतडे येते.

सहा मीटरांची मोकळी नळी इतक्याशा पोटात गुंता न होता राहते कशी? तिला पाठीशी बांधणारा एक पातळ पडदा असतो. डॉक्टर त्याला मेसेंटरी म्हणतात. तोच आपला अंतगुण. पाठीकडे त्याचे मूळ अवघे १५ सेंटीमीटर, तर आतड्याकडची त्याची कड आतड्याइतकीच लांब असते. नेसलेल्या लुगड्याच्या निऱ्या कमरेशी मुठीत मावतात आणि पायाशी घेर धरतात, तशीच ही घडण आहे. आतड्याला रक्त पुरविणाऱ्या सर्व वाहिन्या याच निऱ्यांमधून जातात. निऱ्यांना पीळ पडला की नळी तर बंद होतेच, शिवाय रक्तही थांबते. आधी पातळ भिंतीच्या शिरा दबतात. रक्त आत येत राहते पण परत फिरू शकत नाही. आतडे सुजते, जांभळे पडते, मग काळे. रक्तप्रवाह पूर्णपणे तुटला तर सुमारे सहा तासांत त्या भागाचा मृत्यू ओढवू शकतो.

विनयपिटकाच्या महावग्गात जीवक कोमारभच्चाची एक कथा आहे, ती या संदर्भात मुळातून वाचण्याजोगी आहे. वाराणसीच्या एका श्रेष्ठीचा पुत्र कोलांटउड्यांचा खेळ खेळत असता त्याच्या आतड्यांना गाठ पडली. पेज पचेना, अन्न पचेना, मलमूत्राचे विसर्जन नीट होईना. तो कृश व पिवळा पडला, अंगावरच्या शिरा दिसू लागल्या. पित्याने राजगृहास जाऊन राजा बिंबिसाराकडे जीवकाची मागणी केली. जीवकाने लोकांना बाहेर काढले, पडदा लावला, रोग्याला खांबाशी बांधले आणि त्याच्या पत्नीला समोर उभे केले. पोटाची त्वचा छेदून गाठ पडलेली आतडी त्याने बाहेर काढली, पतीचा आजार कोणता ते तिला दाखविले, गुंता सोडविला, आतडी परत ठेवली, त्वचा शिवली आणि लेप लावला. रोगी बरा झाला.

ही कथा इतिहास म्हणून किती घ्यावी, हा विद्वानांचा प्रश्न आहे. केवळ कोलांटउडीने निरोगी आतड्याला गाठ पडते, असेही आम्ही म्हणणार नाही. परंतु अन्न न पचणे, मळ न सुटणे आणि हळूहळू होणारा क्षय ही लक्षणे अपुऱ्या आंत्ररोधाची आहेत, आणि उपाय म्हणून रेचक न देता पोट उघडणे हा निर्णय आजच्या शल्यचिकित्सकालाही पटावा असा आहे. पत्नीला आजार डोळ्यांनी दाखविणारा जीवक आम्हांला विशेष भावतो. रुग्णाच्या आप्तांना चार शब्दांत आजार समजावून सांगण्यास आजही पुष्कळदा वेळ मिळत नाही.

आंत्ररोधाची कारणे आज पुष्कळ ठाऊक आहेत. गर्भावस्थेत दहाव्या आठवड्याच्या सुमारास आतडी नाळेतून पोटात परततात आणि २७० अंशांत वळून स्थिर होतात. हे वळण अपुरे राहिले तर मेसेंटरीचे मूळ आखूड राहते आणि जन्मानंतरच्या पहिल्याच महिन्यात पीळ पडू शकतो. म्हणून तान्ह्या बाळाची हिरवी उलटी ही तातडीची बाब समजावी. सहा महिने ते दोन वर्षांच्या बालकांत आतड्याचा एक भाग दुसऱ्यात शिरतो, आणि शौचातून लालसर चिकट आव पडते. आधीच्या शस्त्रक्रियेने चिकटलेली आतडी, क्षयरोगाने अरुंद झालेले आतडे, जंतांचा गोळा हीही कारणे आहेत. अंतर्गळाचा, म्हणजे हर्नियाचा, उल्लेख मुद्दाम करावा लागतो. कारण जांघेत आलेली गाठ मुलगे लाजेने लपवितात. ती कडक झाली, दुखू लागली, आत जाईना, तर आतडे त्यात अडकले आहे असे समजावे. थांबून थांबून येणारी कळ, उलटी, फुगलेले पोट, आणि शौच व वारा दोन्ही बंद होणे, ही आंत्ररोधाची खूण. शस्त्रक्रियेनंतर डॉक्टर पुन्हा पुन्हा “वारा सरला का?” असे विचारतात, त्याला हसू नये.

शाळकरी वयात याहून अधिक आढळतो तो अपेंडिक्सचा दाह. लहान व मोठे आतडे जेथे जुळते तेथे मोठ्या आतड्याला लोंबणारी ही बंद टोकाची, बोटाएवढी पिशवी. लंडनमध्ये १७३५ साली क्लॉडियस अमियांड यांनी ती प्रथम काढली, तो रुग्ण ११ वर्षांचा मुलगाच होता. आणि रोगाचे आजचे नाव १८८६ साली रेजिनाल्ड फिट्झ यांनी रूढ केले. यातील वेदना सुरुवातीला बेंबीभोवती उठते, कारण आतड्याच्या या भागाच्या आणि बेंबीच्या संवेदना मज्जारज्जूत एकाच पातळीवर पोहोचतात. पुढे दाह पोटाच्या आतल्या अस्तराला भिडला की वेदना उजवीकडे, खाली स्थिरावते. आधी दुखणे, मग भूक जाणे व उलटी, मग थोडा ताप, असा हा नेहमीचा क्रम आहे. असह्य वेदना एकाएकी थांबली तर सुटकेचा निःश्वास टाकू नये. अपेंडिक्स फुटल्यानेही क्षणभर आराम पडतो.

बेंबीभोवतीच्या याच पहिल्या वेदनेला घरोघरी ‘बेंबी सरकली’ म्हणतात. मग पोट चोळले जाते, एरंडेल पाजले जाते, गरम पाण्याची पिशवी ठेवली जाते. सुजलेल्या अपेंडिक्सवर किंवा पीळ पडलेल्या आतड्यावर रेचकाचा जोर आला तर ते फुटण्याचा धोका वाढतो. इंग्रज शल्यचिकित्सक झॅकरी कोप यांनी १९२१ साली पोटदुखीच्या निदानावर पुस्तक लिहिले. निरोगी माणसाला अचानक उठलेली तीव्र पोटदुखी सहा तास टिकली, तर तिचे कारण बहुधा शस्त्रक्रियेच्या क्षेत्रातले असते, हा त्यातला निकष शंभर वर्षांनंतरही वापरात आहे.

वसतिगृहात हे सहा तास बहुधा रात्री येतात. मूल अधीक्षकांना उठवायला भिते आणि सकाळची वाट पाहते. शेजारच्या खाटेवरच्या मुलालाच ते प्रथम कळते. म्हणून पोटदुखीने कण्हणाऱ्या मित्राची बातमी रात्रीच द्यायची, हे मोठ्या मुलांना स्पष्ट शब्दांत सांगून ठेवावे. अशा मुलाला खाणे, पाणी व रेचक देऊ नये, पोट चोळू नये, आणि जेथे रात्री शस्त्रक्रिया होते अशाच रुग्णालयात थेट न्यावे. ते कोणते, याची चौकशी सत्राच्या आरंभीच झालेली बरी. प्रवेशाच्या वेळी पालकांनीही आपला चालू दूरध्वनी क्रमांक, मुलाच्या पूर्वीच्या शस्त्रक्रिया, अंतर्गळ असल्यास तो, आणि तातडीच्या उपचारास लेखी संमती, एवढे अधीक्षकांकडे देऊन ठेवावे.