खाजकुइली, कंपवात आणि पोटातले जंतू

खाजकुइली ओळखत नाही असा मुलगा आपल्या वर्गात सापडायचा नाही. तिच्या शेंगेवरची लव अंगाला लागली की माणूस नुसता नाचतो. पण हिच्याच बियांत एक औषधी पदार्थ असतो. मद्रासच्या दामोदरन आणि रामस्वामी या शास्त्रज्ञांनी १९३७ साली तो बियांतून वेगळा काढून दाखवला. त्याचे नाव लेव्होडोपा.

आमचे आजोबा रोज जी गोळी घेतात तिच्यात हाच पदार्थ आहे. गोळीतला मात्र कारखान्यात बनवतात. आजोबांना कंपवात आहे. हात मांडीवर ठेवून स्वस्थ बसले की माळ ओढल्यासारखा त्यांचा अंगठा बोटांवर फिरत राहतो. गंमत अशी, की काही धरायला गेले की कंप थोडा थांबतो. चालताना पावले लहान लहान पडतात. गावात कोणी म्हणतात म्हातारपण, कोणी म्हणतात करणी. पण हा मेंदूचा आजार आहे. मेंदूच्या एका लहानशा भागातल्या पेशी डोपामाइन नावाचे द्रव्य तयार करतात. त्या पेशी हळूहळू मरत गेल्या की शरीराची हालचाल बिघडते.

मग डोपामाइनचीच गोळी का देत नाहीत? मलाही तेच वाटले होते. गुरुजींनी सांगितले, की रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये एक कडक पहारा असतो. डोपामाइनला तिथून आत जाता येत नाही, लेव्होडोपाला जाता येते. आत गेल्यावर त्याचे डोपामाइन होते. १९६७ साली अमेरिकेत डॉ. कोट्झियास यांनी हे औषध तोंडावाटे मोठ्या मात्रेत देऊन रोग्यांमध्ये सुधारणा दाखवली.

आता पोटाकडे येऊ. गोळी पोटातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत जायची. वाटेत आतडी लागतात, आणि तिथे आपण एकटे नसतो. माणसाच्या शरीरात सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू असतात असा शास्त्रज्ञांचा हिशोब आहे. सगळे मिळून पाव किलोसुद्धा भरत नाहीत! बहुतेक मोठ्या आतड्यात राहतात, काही लहान आतड्यात. एंटेरोकोकस फिकॅलिस हा त्यांतलाच एक. २०१९ साली अमेरिकेत आणि नेदरलँड्समध्ये शास्त्रज्ञांना आढळले, की हा जंतू लेव्होडोपा वाटेतच गाठतो आणि त्याचे तिथेच डोपामाइन करून टाकतो. आतड्यात झालेले डोपामाइन मेंदूला काय उपयोगाचे? पहारेकरी त्याला आत सोडतच नाही. म्हणजे शेताला सोडलेले पाणी पाटातच फोडून घेण्यासारखे झाले.

औषध वाटेत वाया जाऊ नये म्हणून गोळीत कार्बिडोपा नावाचे दुसरे औषध घातलेले असते. पण ते आपल्या शरीराच्या पेशींना अडवते, जंतूला नाही. एकालाच रोग असून कोणाला गोळ्या कमी पुरतात, कोणाला जास्त लागतात, याचे एक कारण हे असू शकते. अमेरिकेतल्या त्याच शास्त्रज्ञांनी जंतूचे हे काम बंद पाडणारा पदार्थही शोधला. तो दिल्यावर उंदरांच्या रक्तात लेव्होडोपा जास्त पोहोचला. माणसांसाठी ते औषध अजून झालेले नाही.

(पालकांसाठी: डाळ, दूध, अंडी यांतली प्रथिनेही या औषधाच्या आड येतात. म्हणून डॉक्टरांनी आजोबांची गोळी जेवणाआधी अर्धा तास ठेवली आहे. आणि खाजकुइलीचे बी कुटून कोणी आपल्या मनाने देऊ नये. गोळीत लेव्होडोपा आहे, बियांतही आहे. दोन्ही मिळून मात्रा किती झाली हे घरी कोण मोजणार?)

याहून मोठी गोष्ट पुढेच आहे. आजी सांगते, हात हलू लागण्याच्या सात-आठ वर्षे आधीपासून आजोबांचे पोट साफ होत नसे. तेव्हा कोणी लक्ष दिले नाही. देणार तरी कसे, मलावरोध घरोघरी असतो आणि त्यातल्या बहुतेकांना कंपवात कधीच होत नाही. पण लंडनचे डॉ. जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली या रोगावर पुस्तिका लिहिली, तिच्यात सुद्धा पोट साफ न होण्याची नोंद आहे. इंग्रजीत या रोगाला त्यांचेच नाव आहे. पुढे २००३ साली जर्मनीच्या डॉ. ब्राक यांनी विचार मांडला, की हा रोग काही जणांत आतड्यातच सुरू होत असावा आणि व्हेगस नावाच्या मज्जातंतूने वर चढत मेंदूत जात असावा. व्हेगस म्हणजे पोट आणि मेंदू यांच्यातली टेलिफोनची तार समजा. तिच्यातले बहुतेक धागे पोटाची बातमी वर नेतात, मेंदूचा हुकूम खाली आणणारे थोडे.

यात जंतूंचा हात आहे का, हे २०१६ साली कॅलिफोर्नियात उंदरांवर पाहिले. रोग होईल असेच ते उंदीर तयार केलेले होते. त्यांतले जे जन्मापासून जंतूविना वाढवले, त्यांची हालचाल बरीच कमी बिघडली. मग काहींच्या पोटात कंपवाताच्या रोग्यांचे जंतू सोडले आणि काहींच्या पोटात निरोगी माणसांचे. रोग्यांचे जंतू मिळालेल्या उंदरांची हालचाल जास्त बिघडली. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे खरे. पण पूर्वी पोटातल्या व्रणासाठी डॉक्टर व्हेगस कापत असत. स्वीडनमध्ये अशा लोकांच्या जुन्या नोंदी २०१७ साली तपासल्या. ज्यांची ही तार खोडाजवळच कापली गेली होती, त्यांच्यात पुढे कंपवात कमी आढळला.