गोणीवरचा देश

(वेंगुर्ल्याजवळचं एक घर. भाची महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवते. यंदा ‘समकालीन आफ्रिका’ हा भाग पहिल्यांदाच तिच्याकडे आला आहे. आत्यानं अनेक वर्षं हाच विषय शिकवला. ओसरीवर दोघी बसल्या आहेत.)

भाची : आत्या, आठ तासिका आणि अख्खा खंड. चौपन्न देश! मी १८८४च्या बर्लिन परिषदेपासून सुरुवात करणार आहे. युरोपियन सत्तांनी वाटून घेतलेला खंड, मग स्वातंत्र्य, मग लष्करी उठाव, दुष्काळ, कर्ज.

आत्या : आणि आठव्या तासाला मुलं घरी काय घेऊन जातील?

भाची : खरं सांगू? ‘बिचारी आफ्रिका.’

आत्या : तेवढंच होऊ देऊ नकोस. बर्लिन शिकवावंच लागेल. त्या परिषदेत एकाही आफ्रिकी माणसाला जागा नव्हती, हे मुलांना कळायला हवं. पण पहिला धडाच तो असला की तिथली माणसं फक्त सोसणारी दिसतात. निर्णय घेणारी, भांडणारी, चुकणारी, सावरणारी माणसं दिसतच नाहीत. ही घे, हातात धर.

भाची : काजूबी? आपल्या बागेतली?

आत्या : पलीकडच्या कारखान्यातली. जिच्यातून काढली, त्या गोणीवर ‘मोझांबिक’ असं छापलंय.

भाची : कोकणात एवढा काजू असताना तिकडून कशाला आणतात?

आत्या : आपला हंगाम साधारण मार्च ते मे. तेवढ्या बीवर कारखाना वर्षभर चालत नाही. मोझांबिक, टांझानिया विषुववृत्ताच्या खाली. तिथलं पीक ऑक्टोबरनंतर निघतं, म्हणजे आपली कोठारं रिकामी असताना. पश्चिमेला आयव्हरी कोस्ट आहे. आज जगात सगळ्यात जास्त काजूबी तिथे पिकते. पण तिथली पुष्कळशी बी टरफलासकट जहाजात चढते आणि भारतात किंवा व्हिएतनामला उतरते. बी पिकवणाऱ्याला बीचे पैसे मिळतात. फोडणं, सोलणं, प्रतवारी, डबाबंद करणं, यातला रोजगार आणि नफा दुसरीकडे जातो. तुझ्या ‘आर्थिक विकास’ या प्रकरणाचं मर्म इथेच आहे.

भाची : मग ते स्वतःच का फोडत नाहीत?

आत्या : मोझांबिक फोडत होता! स्वातंत्र्यापूर्वी तो जगातल्या सर्वांत मोठ्या काजू उत्पादकांपैकी एक होता. १९७५ साली पोर्तुगीज गेले आणि फ्रेलिमो पक्षाचं सरकार आलं. त्यानं कच्ची बी बाहेर विकायला बंदी घातली, म्हणजे कारखाने देशातच चालावेत. पण लवकरच यादवी सुरू झाली. रेनामो या बंडखोर संघटनेला आधी ऱ्होडेशियाची आणि मग वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेची मदत होती. १९९२च्या शांतता करारापर्यंत रस्ते, बागा, शाळा, सगळंच उद्ध्वस्त झालं होतं.

भाची : आणि मग जागतिक बँक आली.

आत्या : हो. कर्जाबरोबर अट आली : कच्च्या बीची निर्यात मोकळी करा, निर्यात कर उतरवा. युक्तिवाद साधा होता. व्यापार मोकळा झाला की शेतकऱ्याला जास्त भाव मिळेल. बी भारताकडे वळली आणि तिथले कारखाने एकामागून एक बंद पडले. हजारो कामगार घरी बसले, त्यात बायका पुष्कळ. पुढे अर्थतज्ज्ञांनी हिशेब मांडला, तेव्हा काजू पिकवणाऱ्या सरासरी घराचा फायदा वर्षाला पाच डॉलरच्या आसपास निघाला.

भाची : पाच डॉलर? बाकीचा पैसा कुठे गेला?

आत्या : बराचसा व्यापाऱ्यांकडे. बी विकत घेणारे मोजके, विकणारे लाखो विखुरलेले. कुठल्याही बाजारात हे गणित असंच सुटतं. पण मुलांसमोर बँकेला खलनायक करून थांबू नकोस. जुने कारखाने अवजड यंत्रांवर चालायचे आणि तोट्यात होते. झाडं म्हातारी झाली होती, नवी लागवड होत नव्हती. पुढे संसदेनंच कच्च्या बीवरचा कर पुन्हा वाढवला आणि देशाच्या उत्तरेला नाम्पुलाच्या बाजूला छोटे कारखाने उभे राहिले, आपल्यासारखे, हातानं बी फोडणारे.

भाची : म्हणजे एका बीतून वसाहत, यादवी, कर्ज आणि संसद, सगळंच आलं. पण समाज? तो कुठे येतो?

आत्या : नाम्पुलातली काजू विकणारी बाई घरी माखुवा बोलते. तिचा मुलगा शाळेत पोर्तुगीज शिकतो, कारण सरकारी कामाची भाषा तीच आहे. तिच्या उत्तरेला काबो डेल्गादो प्रांत. तिथे समुद्राखाली प्रचंड नैसर्गिक वायू सापडला. परदेशी कंपन्या आल्या, पण स्थानिक पोरांच्या हाताला काम आलं नाही. २०१७पासून तिथे सशस्त्र बंड पेटलंय. त्याला धर्माचं नाव आहे, बाहेरच्या संघटनांचा हात आहे, पण बेकारी आणि जमिनीवरून हुसकावणंही आहे. यातलं एकच कारण वर्गात सांगितलंस, तर मुलांना अर्धंच कळेल.

भाची : आणि राजकारण?

आत्या : फ्रेलिमो १९७५पासून सत्तेवर आहे. ऑक्टोबर २०२४च्या निवडणुकीनंतर निकालात लबाडी झाली म्हणत तरुण रस्त्यावर उतरले. शेकडो माणसं मारली गेली. पण त्याच आठवड्यांत त्याच भागात काय घडलं ते याच तासाला सांग. बोट्स्वानात १९६६पासून राज्य करणारा पक्ष हरला आणि राष्ट्राध्यक्षांनी लगेच पराभव मान्य केला. दक्षिण आफ्रिकेत त्याच वर्षी आफ्रिकन नॅशनल काँग्रेसनं १९९४नंतर पहिल्यांदा बहुमत गमावलं आणि आघाडीचं सरकार आलं. सेनेगलमध्ये तुरुंगातून सुटलेला माणूस जेमतेम दहा दिवसांत निवडून आला. उलट माली, बुर्किना फासो, नायजरमध्ये २०२०पासून लष्करानं सत्ता घेतली. आता ‘आफ्रिकेचं राजकारण कसं आहे?’ या प्रश्नाला एका वाक्यात उत्तर देता येईल?

भाची : नाही. ‘आशियाचं राजकारण कसं आहे’ असं कुणी विचारलं तर आपण हसूच. पण बोट्स्वाना वेगळा का निघाला? हिरे तर सिएरा लिओनमध्येही होते, आणि तिथे अकरा वर्षं यादवी चालली.

आत्या : हा प्रश्न फळ्यावर लिही. स्वातंत्र्य आलं तेव्हा बोट्स्वाना अत्यंत गरीब होता. वर्षभरात हिरे सापडले. पहिले राष्ट्राध्यक्ष सेरेत्से खामा यांच्या सरकारनं खाणीत निम्मा वाटा मिळवला आणि तो पैसा रस्ते, शाळा, दवाखान्यांत घातला. तिथले हिरे जमिनीत खोल, मोठ्या खाणीतले, त्यामुळे सरकारला राखता आले. सिएरा लिओनचे बरेचसे नदीच्या गाळात, फावडं आणि चाळणी घेऊन कुणालाही काढता येतील असे. ते बंदूकवाल्यांच्या हाती पडले. भूगोल आणि राज्यकर्त्यांची निवड, दोन्हीची सांगड घालायला मुलांना शिकव. आणि हेही सांग, की हिऱ्यांची मागणी घसरल्यावर बोट्स्वानाही अडचणीत आला. सत्ताबदलामागचं ते एक मोठं कारण.

भाची : पण आत्या, मी मोझांबिकला कधी गेले नाही. पुस्तकांवर विसंबून शिकवायचं धाडस होत नाही.

आत्या : मग एका गोवेकराची गोष्ट ऐक. आकीनो द ब्रागांसा. जन्म गोव्यातला. पोर्तुगीज सत्तेविरुद्धच्या लढ्यात उतरले, मोझांबिकचे पहिले राष्ट्राध्यक्ष समोरा माशेल यांचे जवळचे सल्लागार झाले. स्वातंत्र्यानंतर राजधानी मापुतोच्या विद्यापीठात आफ्रिका अभ्यासकेंद्र निघालं, त्याचे ते संचालक. संशोधनाची धुरा रूथ फर्स्ट या दक्षिण आफ्रिकी पत्रकार-अभ्यासक बाईंकडे होती. ही मंडळी विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन गावोगाव फिरत. दक्षिण आफ्रिकेच्या सोन्याच्या खाणीत राबलेल्या मजुरांना विचारत : पगार किती, घरी किती पाठवलात, मागे शेत कोणी केलं? त्या उत्तरांवर त्यांचा अभ्यासक्रम उभा राहिला.

भाची : त्यांचं पुढे काय झालं?

आत्या : १७ ऑगस्ट १९८२. दक्षिण आफ्रिकेच्या सुरक्षा पोलिसांनी टपालातून बॉम्ब पाठवला. रूथ फर्स्ट आपल्या कार्यालयातच ठार झाल्या. तिथेच असलेले आकीनो जखमी झाले. चार वर्षांनी माशेल यांच्या विमान अपघातात तेही गेले. शिकवण्याला कुणी इतकं भ्यायचं, याचा अर्थ मी आयुष्यभर विसरले नाही. म्हणून सांगते, विचारायला शिकवणं हेच तुझं काम.

भाची : मापुतोला तर नेता यायचं नाही मुलांना.

आत्या : कारखाना कुठे लांब आहे? आतल्या बायकांना विचारा, आफ्रिकेची बी आली नाही तर किती महिने काम बंद असतं? मग बाहेर आपल्या बागायतदाराला विचारा. तो म्हणेल, त्या बीमुळेच माझा भाव पडतो. दोघांचंही खरं. त्यात तिसरं माणूस जोडा : नाम्पुलाची ती बाई. बेनिननं २०२४मध्ये कच्च्या काजूची निर्यातच बंद केली, आपल्याकडेच फोडू म्हणून. उद्या सगळेच तसं म्हणाले तर?

भाची : तर आपला कारखाना बंद पडेल. आणि त्यांचा उघडेल.

आत्या : ते चांगलं की वाईट?

भाची : (बराच वेळ बी हातात फिरवत) कोण विचारतंय, त्यावर आहे. माझ्या वर्गात दोन मुली आहेत, त्यांच्या आया याच कारखान्यात सोलायला जातात. आत्या, बर्लिन मी तिसऱ्या तासाला घेते. पहिल्या तासाला मुलांना गोण्या वाचायला नेते.