घुमटातील कवडसे

कौलारू घरातले एखादे कौल फुटले, की दुपारच्या वेळी जमिनीवर उन्हाचा कवडसा पडतो. चुलीचा धूर त्यातून जाऊ लागला, म्हणजे छपरापासून जमिनीपर्यंत प्रकाशाचा खांबच उभा राहिल्याचा भास होतो. लहान मुले तो मुठीत धरू पाहतात. फुटक्या कौलातून योगायोगाने घडणारी ही गंमत तुर्कस्तानातील कुशल स्थपतींनी मुद्दाम घडवून आणली आहे.

इस्तंबूल शहरात चेंबरलिताश नावाचा एक जुना हमाम आहे. हमाम म्हणजे सार्वजनिक स्नानगृह. सुलतान तिसरा मुराद याची आई नूरबानू हिने तो बांधावयास लावला आणि १५८४ साली तो पूर्ण झाला. त्याची रचना विख्यात स्थपती सिनान याची मानतात.

हमामाचे मुख्य दालन नेहमी उष्ण ठेवावे लागे. त्यासाठी भट्टीत लाकडे पेटवीत आणि तिची धग फरशीखालच्या पोकळीतून खेळवीत. दालनाच्या मध्यभागी असलेला संगमरवरी ओटा त्यामुळे तापे. आता प्रश्न होता तो उजेडाचा. भिंतींना मोठ्या खिडक्या ठेवाव्यात, तर कष्टाने मिळविलेली ऊब निसटून जाणार आणि बाहेरच्यांची दृष्टीही आत पोहोचणार. खिडक्या ठेवूच नयेत, तर भर दिवसा आत काळोख! ओल्या, निसरड्या फरशीवर काळोखात पाऊल तरी कसे टाकावे?

तुर्की स्थपतींनी यावर सुंदर तोड काढली. त्यांनी भिंती बंद ठेवल्या आणि घुमटालाच लहान लहान छिद्रे ठेवून त्यांवर घंटेच्या आकाराच्या काचा बसविल्या. या छिद्रांना तुर्की लोक ‘हत्तीचे डोळे’ म्हणतात. छिद्रे लहान, म्हणून ऊब टिकली. ती उंचावर, म्हणून आडोसा राहिला. आणि उजेडही मिळाला.

पण त्याहूनही अधिक काही साधले. दालनात तरंगणाऱ्या सूक्ष्म जलकणांवर ऊन पडते आणि प्रत्येक कवडशाचा मार्ग डोळ्यांना दिसू लागतो. सकाळी हे कवडसे पश्चिमेकडच्या भिंतीवर असतात. दिवस चढतो तसे ते खाली उतरतात आणि दुपार कलली, की पूर्वेकडे चढू लागतात. ओट्यावर पहुडलेल्या माणसाला बाहेरचा रस्ता दिसत नाही, बाजार दिसत नाही. दिसते ते केवळ हळूहळू सरकणारे ऊन. त्या मंद उजेडात त्याचे मन आपोआप निवांत होते.

चारशेहून अधिक वर्षे लोटली, तरी या हमामात लोक आजही स्नानास जातात. ऊब राखण्यासाठी छिद्रे लहान ठेवावी लागली, आणि त्या लहानपणातूनच तेथील शोभा जन्मास आली. अडचणीला शरण न जाता तिच्याशी जुळवून घेणारी बुद्धी असली, म्हणजे गरजेच्या वस्तूलाही असे सौंदर्य लाभते.

स्वाध्याय

१. हमामाच्या भिंतींना मोठ्या खिडक्या का ठेवीत नसत?
२. ‘हत्तीचे डोळे’ कशास म्हणतात? त्यांमुळे कोणते लाभ झाले?
३. तुमच्या घरात किंवा शाळेत सकाळी व दुपारी ऊन कोठे पडते, ते पाहून पाच ओळी लिहा.