आंत्रपुच्छाचा कर्करोग : निदान व उपचार

मोठ्या आतड्याच्या प्रारंभी, पोटाच्या उजव्या बाजूस खाली, करंगळीसारखी एक बंद नळी असते. हेच आंत्रपुच्छ, लोकांत ‘अपेंडिक्स’ हे नाव रूढ आहे. त्याला सूज येणे नित्याचे. परंतु शस्त्रक्रियेने काढलेल्या दर १०० आंत्रपुच्छांपैकी सुमारे एकात अर्बुद आढळते.

या रोगाला स्वतःचे असे लक्षण नाही. पुष्कळदा तो कळतो तो काढलेल्या अवयवाच्या सूक्ष्मदर्शकीय तपासणीतूनच. म्हणून ही तपासणी टाळणे योग्य नव्हे.

उपचार अर्बुदाच्या प्रकारावर अवलंबून असतात. संप्रेरक स्रवणाऱ्या पेशींचे अर्बुद १ सेंटिमीटरहून लहान असल्यास आंत्रपुच्छ काढणे बहुधा पुरेसे ठरते. २ सेंटिमीटरहून मोठे असल्यास मोठ्या आतड्याचा उजवा भागही काढावा लागतो.

श्लेष्मा निर्माण करणारे अर्बुद फुटले, तर पेशी व चिकट द्रव उदरपोकळीत पसरतात. पोट हळूहळू फुगते. जलोदर, हर्निया वा स्त्रियांमध्ये अंडाशयाची गाठ असा समज होऊन काळ निघून जातो. १८८४ मध्ये वेर्थ यांनी या विकाराला ‘स्यूडोमिक्झोमा पेरिटोनाय’ असे नाव दिले. पूर्वी साचलेला द्रव वारंवार काढीत. तो पुन्हा साचे.

अमेरिकेतील शल्यचिकित्सक पॉल शुगरबेकर यांनी १९८० नंतरच्या काळात नवी पद्धती विकसित केली. तीत दिसणारा सर्व रोग, उदरावरणाच्या रोगग्रस्त भागासह, काढतात. नंतर ४१ ते ४३ अंश सेल्सिअस तापविलेले कर्करोगविरोधी औषध ६० ते ९० मिनिटे उदरपोकळीत फिरवितात. उष्णतेने औषधाचा प्रभाव वाढतो, आणि ते रक्तात तुलनेने कमी उतरते. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २,२९८ रुग्णांच्या आंतरराष्ट्रीय पाहणीत, या पद्धतीनंतर दहा वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण ६३ टक्के आढळले. शस्त्रक्रिया मात्र दीर्घ व जोखमीची असल्याने ती अनुभवी केंद्रातच व्हावी. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात अशी सोय आहे.

अपुऱ्या पहिल्या शस्त्रक्रियेने पुढील उपचार अवघड होतात. तेव्हा गावातील कोणाचे आंत्रपुच्छ काढले गेल्यास तपासणीचा अहवाल मागून घ्यावा, डॉक्टरांकडून समजून घ्यावा व जपून ठेवावा, हे शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनी लोकांना सांगावे. एका कागदाची ही काळजी एखाद्याचा जीव वाचवू शकेल.