गुहेतील अठरा दिवस

थायलंड देशाच्या उत्तर टोकाला, म्यानमारच्या सीमेलगत, माए साई नावाचे एक गाव आहे. गावाच्या पाठीशी डोंगरांची एक लांब रांग पसरलेली आहे. दुरून पाहिले असता ती उताणी निजलेल्या स्त्रीसारखी भासते. म्हणून तेथील लोक तिला 'निजलेल्या स्त्रीचा डोंगर' असे म्हणतात. या डोंगराच्या पोटात थाम लुआंग ही सुमारे दहा किलोमीटर लांबीची गुहा आहे.

हा डोंगर चुनखडीच्या दगडाचा आहे. पावसाचे पाणी हवेतील आणि मातीतील कार्बन डायऑक्साइड वायू शोषून घेते आणि किंचित आम्लधर्मी बनते. असे पाणी चुनखडीच्या भेगांतून झिरपू लागले म्हणजे दगड हळूहळू विरघळतो. हजारो वर्षांत भेगांच्या वाटा होतात आणि वाटांची दालने होतात. थाम लुआंग गुहा अशीच घडली आहे. तिच्यात कोठे देवळाच्या सभामंडपाएवढी प्रशस्त दालने आहेत, तर कोठे पोटावर सरपटत जावे लागेल अशा अरुंद खिंडी आहेत. परंतु ज्या पाण्याने ही गुहा घडवली, त्या पाण्याचा तिच्यावरील हक्क अद्याप संपलेला नाही. डोंगरावर पाऊस पडला की शेकडो भेगांतून पाणी गुहेत उतरते आणि जी वाट सकाळी कोरडी होती, ती संध्याकाळी छतापर्यंत भरून जाते.

गुहेच्या तोंडाशी एक फलक लावलेला होता. जुलै ते नोव्हेंबर या काळात आत जाणे धोक्याचे आहे, असे त्यावर लिहिले होते. २३ जून २०१८ या दिवशी, शनिवारी, माए साई येथील 'रानडुक्कर' नावाच्या फुटबॉल संघातील बारा मुले खेळाचा सराव आटोपून सायकलींवरून या गुहेपाशी आली. ती सर्व अकरा ते सतरा वर्षे वयाच्या आतबाहेरची होती. त्यांच्याबरोबर पंचवीस वर्षे वयाचा सहप्रशिक्षक एक्काफोन चान्थावोंग हा होता. मुले त्याला प्रेमाने 'एक' म्हणत. सायकली बाहेर ठेवून तासाभराने परत यायचे, असा त्यांचा बेत होता. पूर्वीही ती या गुहेत येऊन गेली होती. शिवाय फलकावर लिहिलेला जुलै महिना अजून उजाडला नव्हता. परंतु पाऊस काही पंचांग पाहून येत नाही.

मुले आत असताना बाहेर मुसळधार पाऊस पडला. परत फिरल्यावर त्यांना दिसले की, आलेली वाट पाण्याने बंद झाली आहे. एकने कमरेला दोर बांधून पाण्यात बुडी मारली. दोराचे दुसरे टोक मुलांच्या हाती होते. पलीकडे जाण्यास वाट नाही असे कळताच मुलांनी त्याला मागे ओढून घेतले. पाणी चढतच होते. तेव्हा ती सर्वजण आणखी आत सरकली आणि गुहेच्या तोंडापासून सुमारे चार किलोमीटर अंतरावर एका उंच, चिखलाळ उतारावर जाऊन बसली.

तेथे दिवस नव्हता आणि रात्रही नव्हती. खाण्यास काहीच नव्हते. भोवती पाणी होते, पण ते गढूळ होते. म्हणून छतावरून थेंब थेंब ठिबकणारे स्वच्छ पाणी तेवढे सर्वांनी प्यावे, असे ठरले. एकने लहानपणी आईबाप गमावल्यावर अनेक वर्षे बौद्ध विहारात काढली होती. तेथे शिकलेले ध्यान त्याने मुलांना शिकवले. ध्यानाने मन शांत राहते, श्वास मंदावतो आणि अंगातील शक्तीही वाचते. अधूनमधून मुले पाळीपाळीने दगडांनी भिंत उकरीत. त्या मार्गाने सुटका होण्याची आशा फारशी नव्हती. परंतु हाताला काम असले म्हणजे मनाला भीती कमी वाटते.

इकडे संध्याकाळ झाली तरी मुले घरी आली नाहीत, म्हणून पालक घाबरले. शोध घेत लोक गुहेपाशी आले, तेव्हा सायकली आणि पिशव्या तेथेच होत्या. त्याच रात्री शोधास प्रारंभ झाला. पुढे थायलंडच्या नौदलाचे पाणबुडे आले. समुद्रात बुडी मारण्यात ते तरबेज होते. परंतु गुहेतील पाणी निराळे असते. समुद्रात संकट आले तर वर येता येते. गुहेत वर पाहावे तो दगडच असतो. पाणी इतके गढूळ होते की, स्वतःचा हात दिसत नव्हता. प्रवाह इतका जोराचा होता की, एक पाऊल पुढे टाकावे तो दोन पावले मागे यावे लागे.

त्या भागात राहणाऱ्या व्हर्न अन्सवर्थ या इंग्रज गुहाशोधकास या गुहेची वळणे चांगली ठाऊक होती. त्याच्या सल्ल्यावरून इंग्लंडमधून रिक स्टँटन आणि जॉन व्होलान्थेन या पाणबुड्यांना बोलावण्यात आले. स्टँटन हा निवृत्त अग्निशामक होता, तर व्होलान्थेन हा संगणक क्षेत्रात काम करणारा होता. पाण्याने भरलेल्या गुहांतून पोहत जाणे हा या दोघांचा छंद. पण तो त्यांनी अशा निष्ठेने जोपासला होता की, त्या कामात त्यांच्या तोडीची माणसे जगात थोडीच होती. २ जुलैच्या रात्री वाटेत दोर अंथरीत ते पुढे जात होते. जेथे जेथे पाण्यावर हवेची पोकळी असे, तेथे ते डोके वर काढून हाका मारीत आणि वास घेत. अशाच एका ठिकाणी त्यांना माणसांचा वास आला. पाठोपाठ आवाज ऐकू आले. दिव्याच्या उजेडात हाडकुळी मुले उतारावरून खाली येताना दिसली. मोजून पाहिले, तो सर्व तेराजण जिवंत होते! चौदा वर्षांच्या अदुल सामऑन याला इंग्रजी येत असे. त्याच्या मदतीने मुलांनी विचारलेल्या पहिल्या प्रश्नांत, आज कोणता वार आहे, हाही एक प्रश्न होता.

मुले सापडल्याची वार्ता ऐकून सारा देश आनंदला. परंतु खरे संकट पुढेच होते. पावसाळा संपेपर्यंत मुलांना आतच ठेवावे, तर आणखी काही महिने लागणार. डोंगराला वरून भोक पाडावे, तर मुलांपर्यंत नेमके पोहोचणे कठीण. पाण्यातून आणावे, तर ज्या वाटेने तरबेज पाणबुड्यांनाही जाऊन येण्यास दहा-अकरा तास लागत, त्या वाटेने दुबळ्या मुलांना कसे आणावे? त्यातच आतील हवेतील प्राणवायू कमी होऊ लागला. एरवी हवेत त्याचे प्रमाण शेकडा एकवीस असते. तेथे ते शेकडा पंधरापर्यंत उतरले. नौदलाचे तीन जवान आणि एक डॉक्टर मुलांपाशी जाऊन राहिले. मुले बाहेर पडेपर्यंत आपणही बाहेर यायचे नाही, असा त्यांचा निश्चय होता.

दरम्यान पाण्याशी झुंज चालूच होती. पंप रात्रंदिवस चालू होते. भारतीय दूतावासामार्फत किर्लोस्कर ब्रदर्स या महाराष्ट्रातील कंपनीचे तंत्रज्ञही पाणी उपसण्याच्या कामी सल्ला देण्यासाठी तेथे गेले होते. डोंगरावर स्वयंसेवक रानोमाळ हिंडून ओढ्यांचे पाणी बांबू आणि नळ यांच्या साहाय्याने दुसरीकडे वळवीत होते. गुहेतून उपसलेले पाणी पायथ्याच्या भातशेतीत जात होते. नुकतीच लावणी झालेली रोपे बुडून गेली. सरकारने नुकसानभरपाई देऊ केली. पण कित्येक शेतकऱ्यांनी ती नाकारली. भात पुन्हा लावता येते, असे त्यांचे म्हणणे होते. स्त्रिया स्वयंपाक करून हजारो माणसांना जेवू घालीत होत्या, तर कोणी चिखलाने भरलेले कपडे रोज रात्री धुऊन देत होते.

६ जुलै रोजी एक दुःखद घटना घडली. समान कुनान हा नौदलातून निवृत्त झालेला पाणबुड्या आपण होऊन मदतीस आला होता. गुहेत हवेच्या टाक्या पोहोचवून परत येत असताना तो पाण्यातच बेशुद्ध पडला आणि मरण पावला. या वार्तेने सर्वांच्या काळजात चर्र झाले. जो मार्ग अशा कसलेल्या माणसाचा घास घेतो, त्याच मार्गाने मुलांना आणावयाचे होते.

त्याच सुमारास पाणबुड्यांच्या हाती आतून काही पत्रे आली. मुलांनी आईवडिलांना काळजी न करण्याविषयी लिहिले होते. एकने सर्व पालकांची क्षमा मागितली होती आणि मुलांची होईल तेवढी काळजी घेण्याचे वचन दिले होते. पालकांनी त्याला उलट निरोप पाठवला की, तू स्वतःला दोष देऊ नकोस. आमचा तुझ्यावर राग नाही.

अखेरीस एक धाडसी योजना ठरली. ऑस्ट्रेलियातील डॉक्टर रिचर्ड हॅरिस हे भूल देण्याच्या शास्त्रातील तज्ज्ञ होते आणि गुहेत बुडी मारण्यातही निष्णात होते. पाण्याखाली मूल भ्याले आणि त्याने तोंडावरील मुखवटा ओढला, तर ते स्वतः बुडेल आणि नेणाऱ्यालाही बुडवील. म्हणून प्रत्येक मुलाला भूल देऊन, निजलेल्या स्थितीतच बाहेर आणावे, असे ठरले. असा प्रयोग पूर्वी कोणीही केलेला नव्हता. प्रथम गावातील शाळेच्या तलावात तेथील मुलांना घेऊन या कामाची रंगीत तालीम करण्यात आली.

८ जुलै रोजी कामास सुरुवात झाली. डॉक्टर हॅरिस प्रत्येक मुलाला भुलीचे औषध देत. मग त्याला पूर्ण चेहरा झाकणारा मुखवटा चढवीत, हात मागे बांधीत आणि एका पाणबुड्याच्या स्वाधीन करीत. तो एका हाताने मुलाला छातीशी धरी आणि दुसऱ्या हाताने दोर चाचपीत काळोखातून पुढे सरके. वाटेत भूल उतरू लागली तर तोच पुन्हा औषध टोची. पाण्याचा भाग संपला की शंभराहून अधिक माणसांची रांग मुलाला झोळीत घालून हातोहात पुढे नेई. त्या दिवशी चार मुले सुखरूप बाहेर आली. दुसऱ्या दिवशी आणखी चार आली. तिसऱ्या दिवशी, १० जुलै रोजी, उरलेली चार मुले आणि एक बाहेर आले. सर्वांच्या शेवटी तो डॉक्टर आणि ते तीन जवान निघाले. ते बाहेर येतात न येतात तोच पंप बंद पडले आणि गुहेत पाण्याचा लोंढा वाढू लागला. आत राहिलेल्या कामगारांना धावतच बाहेर यावे लागले.

मुले रुग्णालयात असताना काही दिवस त्यांना समान कुनानच्या मृत्यूविषयी सांगितले नव्हते. १४ जुलै रोजी त्यांना ते कळले, तेव्हा ती ओक्साबोक्शी रडली. पुढे अकरा मुलांनी आणि एकने त्याच्या स्मरणार्थ काही दिवस बौद्ध धर्माची दीक्षा घेतली. या शोधकार्यात जंतुसंसर्ग होऊन आजारी पडलेला बेइरुत पाकबारा हा जवान डिसेंबर २०१९ मध्ये मरण पावला. गुहेपाशी आज समान कुनानचा पुतळा उभा आहे.

गुहांची सहल ही आनंदाची आणि ज्ञान देणारी गोष्ट आहे, यात शंका नाही. गुहाशोधकही हा आनंद घेतात. परंतु काही नियम ते कधी मोडत नाहीत. वाट जाणणारा माणूस बरोबर असल्याशिवाय ते आत जात नाहीत. एक दिवा विझला तर दुसरा आणि दुसरा विझला तर तिसरा, अशी उजेडाची तरतूद ते करतात. आपण कोठे जात आहोत आणि केव्हा परतणार, हे बाहेरच्या माणसाला सांगून ठेवतात. आणि सर्वांत आधी, फलकावरील महिना न पाहता, ते डोंगरावरील आभाळ पाहतात. तासाभराच्या सहलीला निघालेल्या तेराजणांसाठी त्या वर्षी दहा हजारांहून अधिक माणसे राबली. त्यांत निरनिराळ्या देशांची, भाषांची आणि धर्मांची माणसे होती. परंतु आत अडकलेली मुले कोणाची, हा प्रश्न त्यांतील एकानेही विचारला नाही.

स्वाध्याय

१. थाम लुआंग गुहा कशी तयार झाली? पावसाळ्यात तिच्यात पाणी का भरते?
२. एकने गुहेत मुलांचे मनोधैर्य कसे टिकवले?
३. मुले सापडल्यावरही 'खरे संकट पुढेच होते', असे लेखात का म्हटले आहे?
४. मुलांना भूल देऊन बाहेर का आणावे लागले?
५. पायथ्याच्या शेतकऱ्यांच्या वागण्यातून त्यांचा कोणता गुण दिसून येतो?
६. पालकांनी एकला पाठवलेला निरोप तुम्हांस योग्य वाटतो का? सकारण लिहा.
७. पुढील शब्दप्रयोगांचा वाक्यांत उपयोग करा : काळजात चर्र होणे, ओक्साबोक्शी रडणे, घास घेणे, तरबेज असणे.
८. आपल्या वर्गाची सहल गुहा पाहण्यास जाणार आहे, असे समजून सहलीचे सहा नियम तयार करा.