तोडीची चिंता आणि पोटाची तक्रार



या पानावर आपण नेहमी लावण, खते आणि खोडव्याचे बोलतो. या वेळी विषय वेगळा आहे. हंगामात गट ऑफिसात आलेले काही सभासद उसाचे बोलून झाले की हळूच म्हणतात, "साहेब, पोटाचं काही खरं नाही."

एका सभासदांच्या उसाला तुरा आला होता आणि तोड लांबली होती. सकाळी घराबाहेर पडेपर्यंत तीन-चार वेळा परसाकडे जावे लागे, पोटात पीळ पडे. रक्त, सोनोग्राफी, दुर्बीण असे सगळे तपासून झाले, पण काही सापडेना. घरचे म्हणाले, "तुमच्या मनाचे खेळ आहेत." त्यांच्या मनात मात्र कॅन्सरची धास्ती. शेवटी त्यांनी एस.टी.चा प्रवास, लग्नकार्य आणि वार्षिक सभा सगळेच सोडले.

या विकाराला डॉक्टर आयबीएस म्हणतात. पोटदुखी गेले तीन महिने आठवड्यातून निदान एक दिवस होते, शौचाशी तिचा संबंध असतो आणि शौचाच्या वेळा किंवा स्वरूप बदलते. त्रास सुरू होऊन सहा महिने झालेले असावेत. २०१६ सालच्या रोम-४ निकषांत असे सांगितले आहे. हा विकार खरा आहे. त्यातून कॅन्सर होत नाही.

मग तपासणीत काही का दिसत नाही? मोटारीचे उदाहरण घ्या. मोटार चांगली, केबल चांगली, पण स्टार्टरचा रिले फार हलका लावला, तर नेहमीच्या लोडलाही ती ट्रिप होते. तसेच इथे होते. आतड्यात मज्जापेशींचे मोठे जाळे आहे आणि त्याचे मेंदूशी दोन्हीकडून दळणवळण चालते. काळजी वाढली की आतड्याची हालचाल बदलते आणि साधा वायूही कळ म्हणून जाणवतो. कळ आली की काळजी आणखी वाढते. असे हे रहाट चालू राहते.

ते थांबवण्यासाठी पुढील गोष्टी कराव्यात :

१) चिंतेचे दोन भाग पाडा. लावणीची नोंद बरोबर आहे का, हे पाहणे आपल्या हाती आहे. ते आजच पाहा. टोळी केव्हा येईल, ते आपल्या हाती नाही. त्यासाठी रात्र जागून तोड लवकर येत नाही.

२) पंधरा दिवस वहीत लिहा : काय खाल्ले, झोप किती झाली, मनात काय होते, पोट कसे राहिले. कारण आपोआप समजते.

३) जेवणाच्या वेळा पाळा. उपाशीपोटी चहावर चहा आणि तंबाखू टाळा. रात्रीच्या लाईटमुळे पाणी पाजायला जागरण झाले, तर दिवसा झोप भरून काढा. इसबगोलाचा अनेकांना उपयोग होतो. मात्र भरपूर पाण्याबरोबर घ्यावे.

४) रोज दहा मिनिटे शांत बसून सावकाश श्वास सोडा. रोज चाला.

५) घरात मोकळेपणाने सांगा. लोकांत जाणे बंद करू नका. टाळल्याने भीती वाढते. मनाच्या डॉक्टरकडे जाण्यात कमीपणा नाही. बोलण्याच्या उपचाराने या विकारात गुण येतो. सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा १४४१६ या नंबरवर आहे.

मात्र शौचातून रक्त पडणे, वजन घटणे, ताप, रक्त कमी होणे, झोपेतून उठवणारे जुलाब किंवा पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेली तक्रार, यांपैकी काहीही असल्यास "टेन्शनमुळं असंल" म्हणून घरी बसू नका. लगेच डॉक्टरांना दाखवा.

मी शेतीचा माणूस, औषध सांगणार नाही. पण ते सभासद यंदा सभेला आले होते. पोटाचे विचारले तर म्हणाले, "अधूनमधून दुखतंय, पण आता मी त्याला भीत नाही." नंतर उभे राहून त्यांनी तोडणी कार्यक्रमाबद्दल मलाच दोन खडे प्रश्न विचारले. मला बरे वाटले.

आपला,
ऊस विकास अधिकारी