पाळणे आणि सांभाळणे

आमच्या लालबागच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर टोकाला दहा बाय बाराची एक खोली आहे. तीत काका, काकू, त्यांची मुलगी आणि इतर एकोणीस जीव राहतात. दिवाळीच्या सुट्टीत मी वही घेऊन त्यांची मोजदाद केली ती अशी : मांजरे तीन, बजरीगर पक्षी सहा, कॉकॅटिएल जातीचे पक्षी दोन, काचेच्या पेटीतील गोल्डफिश पाच, पाणकासव एक, इग्वाना एक, आणि जिन्याखाली झोपणारा पण जेवायला वर येणारा कुत्रा एक. चाळीत या खोलीला ‘राणीची बाग’ म्हणतात. हे काका माझे सख्खे काका नव्हेत. पण चाळीत असा भेद कोणी करीत नाही.

ज्या घरी प्राणी असतात त्या घरी प्राण्यांवर प्रेम असते, असे मी समजत होते. या समजुतीला धक्का बसला तो एका सरकारी अर्जामुळे. त्याची हकिकत आणि त्या निमित्ताने केलेले थोडेसे वाचन प्रस्तुत लेखात मांडत आहे.

राणीच्या बागेचे वेळापत्रक

काका परळच्या एका जनावरांच्या दवाखान्यात मदतनीस आहेत. परळ आणि जनावरांचे वैद्यक यांचा संबंध जुना आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवू नये यासाठी मुंबईत 1874 साली संस्था निघाली; तिचे बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय परळलाच आहे, आणि 1886 साली सुरू झालेले मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयही तेथेच.

काकांनी यातला एकही प्राणी हौसेने विकत आणलेला नाही. इग्वाना एका मुलाला वाढदिवसाची भेट म्हणून मिळाला होता. वीतभर होता तोवर त्याचे कौतुक झाले. दोन हात लांब झाल्यावर तो नकोसा झाला. पाणकासवाची कथा निराळी नाही. कानाशी लाल पट्टा असलेले हे कासव मूळचे अमेरिकेतले. विकताना ते बिस्किटाएवढे असते, पुढे वाढून जवळजवळ फूटभर होते. मग लोक ते पुण्य म्हणून तलावात किंवा विहिरीत सोडतात आणि तेथे ते देशी कासवांच्या तोंडचा घास काढून घेते. जगातील सर्वांत उपद्रवी अशा शंभर परक्या जीवांच्या यादीत याचे नाव आहे.

चाळीत पाणी पहाटे येते. काका साडेचारला उठून आधी कासवाचे पाणी बदलतात, मग पिंजऱ्यांतले कागद काढतात. इग्वानासाठी खास दिवा आहे. त्याच्या हाडांना चुना मिळायचा तर अतिनील किरण लागतात, आणि काचेतून आलेल्या उन्हात ते उरत नाहीत. दिवा नसेल तर त्याची हाडे मऊ पडतात. काकू त्याच्यासाठी पाला निवडतात. मांजरे पोटमाळ्यावर आणि पक्षी जाळीच्या आड. दोघांना एकाच वेळी मोकळे सोडायचे नाही हा घरचा कायदा आहे.

या खोलीत नॉनस्टिक तवा नाही. असा तवा फार तापला तर त्यातून निघणाऱ्या वायूने पक्षी पाहता पाहता मरतात, आणि जेथे स्वयंपाकघर व पिंजरा एकाच हवेत आहेत तेथे चुकीला जागाच नाही. कांदा-लसणाची आमटी मांजरा-कुत्र्याला घालायची नाही, कारण त्याने त्यांचे रक्त बिघडते. कासवाला हात लावल्यावर साबणाने हात धुवायचे. कासवांकडून मुलांना पोटाचे विकार होतात म्हणून अमेरिकेत 1975 साली चार इंचांहून लहान कासवांच्या विक्रीवर बंदी आली. गणपतीत ढोल-ताशे सुरू झाले की काकू पिंजऱ्यांवर जुन्या चादरी टाकतात आणि दोघांपैकी एकजण घरी थांबतो. लालबागमध्ये राहून काकांनी गेल्या कित्येक वर्षांत विसर्जनाची मिरवणूक पाहिलेली नाही.

मी एकदा विचारले, “काका, एवढे प्राणी पाळायची हौस कशी लागली?” ते म्हणाले, “पाळतात ते, ज्यांना हौस असते. आम्ही सांभाळतो.” तेव्हा मला हा नुसता शब्दांचा खेळ वाटला.

विल्यम नावाचा धनेश

प्राण्यांसोबत राहण्याचा इतिहास शोधताना मला मुंबईतलेच एक उदाहरण सापडले. मुंबई नॅचरल हिस्टरी सोसायटी 1883 साली स्थापन झाली. तिच्या फोर्टमधील कचेरीत 1894 साली कारवारहून धनेशाचे एक पिल्लू आले. त्याचे नाव विल्यम. 1920 पर्यंत, म्हणजे सव्वीस वर्षे, तो त्या कचेरीत राहिला. चिटणीस मिलार्ड यांच्या खुर्चीमागे त्याची जागा असे. सलीम अली लहानपणी एक अनोळखी चिमणी ओळखून घ्यायला 1908 साली याच मिलार्डसाहेबांकडे गेले होते. तेव्हा विल्यम त्याच कचेरीत होता. एकदा त्याने पेटती सिगार गिळली आणि त्याला काही झाले नाही. पुढे मात्र तारेचा तुकडा गिळल्याने तो मेला. आजही सोसायटीच्या बोधचिन्हावर धनेश आहे आणि तिच्या इमारतीचे नाव हॉर्नबिल हाऊस आहे.

विल्यमवर लोकांचे प्रेम होते यात शंका नाही. परंतु रानातला धनेश कसा जगतो? विणीच्या काळात मादी झाडाच्या ढोलीत स्वतःला लिंपून घेते आणि नर कित्येक आठवडे फटीतून तिला फळे भरवतो. विल्यमला खाणे, नाव आणि कौतुक मिळाले. ढोली मिळाली नाही. विल्यमला आणणाऱ्यांनी क्रूरपणा केला असे मला म्हणायचे नाही. तो काळच निराळा होता. पण प्रेम आणि न्याय या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे मला विल्यममुळे प्रथम कळले.

दुसरे उदाहरण हेमलकशाचे. भामरागड तालुक्यात 1973 साली लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. डॉ. प्रकाश आमटे यांना एकदा शिकार घेऊन जाणारे माडिया लोक भेटले. मेलेल्या माकडिणीला तिचे जिवंत पिल्लू बिलगलेले होते. ते पिल्लू त्यांनी मागून घेतले, आणि शिकारीत पोरकी झालेली पिल्ले आणून दिल्यास धान्य देऊ असे पुढे ठरले. अशा रीतीने अस्वल, बिबटे, हरणे, साप एका घराच्या आसऱ्याला आले. नेगल नावाच्या बिबट्यावर तर विलास मनोहर यांनी पुस्तकच लिहिले. त्यांची छायाचित्रे पाहून आपणही बिबट्या पाळावा असे कुणाला वाटेल. पण हौसेपोटी आईपासून तोडून आणलेले तेथे कोणी नव्हते. जे आधीच पोरके झाले होते त्यांना तेथे थारा मिळाला. काकांच्या दोन शब्दांतला फरक मला येथे उमगला.

अर्ज

आता त्या अर्जाविषयी. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा 1972 सालचा. 2022 साली त्यात दुरुस्ती झाली आणि परदेशी प्राण्यांपैकी ज्यांच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय कराराने निर्बंध आहेत, त्यांची नोंदणी आवश्यक झाली. तिचे नियम 2024 च्या फेब्रुवारीत निघाले. इग्वाना या यादीत येतो. अर्ज संगणकावरून भरायचा होता. काकांना ते जमेना, म्हणून मी भरायला बसले.

अर्ज भरता भरता कायदा वाचणे आले. तेव्हा एक विचित्र गोष्ट ध्यानात आली. आफ्रिकेतला करडा पोपट नोंद करून घरी ठेवता येतो. आपला हिरवा, गळ्यात कंठी असलेला पोपट ठेवणे मात्र गुन्हा आहे. इग्वाना चालतो, त्याच्यासारखीच दिसणारी आपली घोरपड चालत नाही. भाग्य उजळते म्हणून लोक घरी ठेवतात ते चांदणी कासवही चालत नाही. प्रथम हा अन्याय वाटला. विचार केल्यावर कारण पटले. पिंजऱ्यातला हिरवा पोपट इथल्याच कुठल्यातरी ढोलीतून पिल्लू असताना काढलेला असतो. एक विकला गेला की दुसऱ्या ढोलीत हात जातो. पिंजरा घराघरांत दिसतो. ढोली कोणाला दिसत नाही.

आणि आमच्या गॅलरीत मिठू होता.

मिठू

अकरा वर्षांपूर्वी बाबांनी तो बाजारातून आणला. घरात कोणालाही हा गुन्हा आहे हे ठाऊक नव्हते. आई-बाबा कामाला, मी कॉलेजात. दिवसभर आजी आणि मिठू. माझे आजोबा गिरणीत साच्यावर होते. 1982 च्या संपानंतर गिरणी सुटली, पण खोकला सुटला नाही. पाच वर्षांपूर्वी ते गेले. मिठू मात्र रोज पहाटे त्यांच्यासारखाच खोकत असे. आधी दोनदा कोरडा, मग एक लांब. ते ऐकून आजी चहा टाकायला उठे.

आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिली. शिकून घरी काहीतरी आणायचे असते, असे सगळे म्हणतात. मी हे आणले. दोन दिवस मी कोणाला सांगितले नाही. मग सांगितले. बाबा म्हणाले, “इतकी वर्षं कोणी विचारलं नाही, आता कोण विचारतंय?” आजी काहीच बोलली नाही.

मी काकांना विचारले, गॅलरीतून सोडून दिला तर? ते म्हणाले, “कावळे संध्याकाळपर्यंत ठेवणार नाहीत. त्याला उडायची सवय नाही, दाणा शोधायची नाही, थवा माहीत नाही.” त्यांच्याच सल्ल्याने आम्ही वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर फोन केला. माणसे आली. उडता येईल का हे पाहून मग ठरवू, असे ते म्हणाले. पिंजरा खाली नेताना मिठू एकदा खोकला. आजी आत गेली.

माझे बरोबर होते असे मला आजही वाटते. पण बरोबर असण्याने पहाटेची ती शांतता भरून निघत नाही, हेही नमूद केले पाहिजे.

निष्कर्ष

या सर्वांतून मला जे समजले ते थोडक्यात असे. कोणताही जीव घरी आणण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत. हा आला कोठून, बाजारातून की ढोलीतून? हा पूर्ण वाढल्यावर केवढा होईल? हा किती वर्षे जगेल? करडा पोपट चाळीस वर्षांहूनही अधिक जगू शकतो, म्हणजे आज विशीत असलेल्याने साठीचा विचार करायला हवा. आणि चौथा : आपण गावी गेलो, आजारी पडलो, तर याला कोण पाहील? या चारांची उत्तरे नसतील तर तो प्राणी उद्या कुणातरी काकांच्या दारात येणार हे नक्की, आणि तसे काका फार थोडे आहेत.

आजी हल्ली दुपारी टोकाच्या खोलीत जाऊन बसते. इग्वाना तिला प्रथम अगदी पाहवत नव्हता. परवा मी डोकावले तर ती काकूंच्या शेजारी बसून त्याच्यासाठी पाला निवडत होती.